नववी-दहावीच्या मुलांचं वेल्डिंग: ४० हजारांत आधी मशीन घ्यावं की हेल्मेट?

निदेशकताई (पुरंदर)

नमस्कार. मी पुरंदर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) विषयाची निदेशक आहे. हा विषय ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून हा विषय शाळांमध्ये आला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. शेती आणि जनावरं, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, आणि वर्कशॉप असे चार विभाग असतात. मी स्वतः पाबळला एक वर्षाचा डिप्लोमा केलाय आणि वेल्डिंगचा रॉड ज्यात पकडतात तो होल्डर पहिल्यांदा तिथेच हातात धरलाय.

आता अडचण. नववीत माझ्याकडे २६ मुलं आहेत. चार गट केले की वर्कशॉपला एका वेळी सहा-सात येतात. मशीन एकच: दोन फेजवर चालणारा जुना ऑइलचा ट्रान्सफॉर्मर, मी नोकरीला लागले त्याच्याही आधीचा. मशीन अजून चांगलं चालतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचा होल्डर ६०० ॲम्पियरचा आहे आणि केबल अंगठ्याएवढी जाड. परवा होल्डर आणि त्याला लोंबणारी दीड मीटर केबल किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिली. दीड किलो भरली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं हात पुढे धरून, रॉडचं टोक कामापासून दोन-तीन मिलिमीटरवर ठेवून, तो दीड किलो सावकाश सरकवायचा. शेतात काम करणारी मुलं निभावतात. बाकीच्यांचं मनगट अर्ध्या रॉडमध्येच थरथरायला लागतं, रॉड चिकटतो आणि मूल म्हणतं, "ताई, मला नाही जमत." त्याच्या जागी मी असते तर मलाही जमलं नसतं.

दुसरी गोष्ट काचेची. हातात धरायच्या दोन ढाली आहेत आणि ११ नंबरची काच असलेलं एक डोक्याचं हेल्मेट. हेल्मेटचा पट्टा शेवटच्या खाचेवर आणला तरी मुलांच्या डोक्यावर गरगर फिरतो. काच खाली घेतली की आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, पेटेपर्यंत पूर्ण अंधार. तेवढ्यात हात दोन इंच सरकलेला असतो. म्हणून मुलं आधी ठिणगी पाडतात आणि मग काच ओढतात. कितीही सांगितलं तरी असंच होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये एका मुलीचे डोळे त्यानंच सुजले. ती वेल्डिंग करत नव्हती. बाजूला उभी राहून मैत्रिणीचं काम बघत होती. दुपारी काहीच झालं नाही. रात्री अकराला तिच्या वडिलांचा फोन आला की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय, पोर रडतेय. घरच्यांनी बटाट्याचे काप ठेवले होते. सकाळी मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. थेंब दिले, दोन दिवसांत डोळे बरे झाले, नजरेला काही झालं नाही. पण तिच्या आईनं तेव्हापासून तिला वर्कशॉपला पाठवलेलं नाही, गृह-आरोग्यातच ठेवा म्हणून सांगितलंय. चूक माझी होती. आडोसा नसताना मी पाच मुलं भोवती उभी राहू दिली.

आता माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं ४० हजार रुपये दिलेत. मुख्याध्यापकांचं म्हणणं, एक मोठं चांगलं मशीन घेऊ, वीस वर्षं बघायला नको. माझं मन मुलांच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूंकडे आहे. शाळेला थ्री फेज मीटर आहे, गावठाण फीडरवर. सकाळी अकराला मीटर लावला तर २०५ व्होल्ट आले. गणवेश टेरिकॉटचा, निम्मी मुलं चपलांवर. ज्यांनी मुलांना शिकवलंय त्यांनी कृपया सांगा, पैसे कुठे आधी घालू?

साताऱ्याचा वेल्डर ट्रेड

ताई, मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवतो. आमच्याकडेही आठवी पास मुलं येतात, म्हणजे तुमच्यापेक्षा फार मोठी नसतात. तुमचं मन बरोबर जागी आहे. आधी होल्डर आणि काच, नंतर मशीन.

२.५ मिलिमीटरच्या रॉडला, म्हणजे दुकानात ज्याला १२ गेज म्हणतात त्याला, ६० ते ९० ॲम्पियर पुरतात. त्यासाठी ६०० चा होल्डर कशाला? २००-३०० चा होल्डर घ्या आणि त्याच्या मागे १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची मऊ केबल लावा. आहे ती जाड केबल मशीनपासून टेबलापर्यंत राहू द्या, शेवटचे दोन मीटरच बारीक जोडा. केबल खांद्यावरून घ्यायला किंवा टेबलाच्या कडेला हुकात अडकवायला शिकवा, म्हणजे मनगटावर फक्त होल्डर राहतो. हजार-बाराशेत होणारं काम आहे, आणि मुलांच्या हातात पडणारा सगळ्यात मोठा फरक हाच असेल. १० गेजचा रॉड नववीत आणूच नका.

काचेचं सांगतो. आपोआप काळी होणारी काच मुलांसाठी चैन नाही, गरज आहे. काच खाली असतानाही रॉडचं टोक दिसतं, आर्क पेटला की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत ती काळी होते. ठिणगी आधी आणि काच मागून, ही सवय लागायचं कारणच उरत नाही. काच उजळ असतानाही अतिनील किरण अडवलेलेच असतात, हेही मुलांना सांगा, त्यांची भीती कमी होते. घेताना चार सेन्सरचं घ्या. दोन सेन्सरवालं हेल्मेट, समोर हात किंवा पाइप आडवा आला की फसतं. सेन्सिटिव्हिटी फिरवता येते का बघा, कारण तुम्ही ७० ॲम्पियरवर काम करणार, तिथे उजेड कमी असतो. काचेचा नंबर १० ठेवा. आणि दुकानात उभं राहून डोक्याचा पट्टा पूर्ण आवळून बघा, जमलं तर वर्गातलं सगळ्यात लहान डोकं सोबत न्या. रोज सकाळी सूर्याकडे सेन्सर धरून काच काळी होते का हे एका मुलाला तपासायला लावा, त्याची वही ठेवा.

टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. चामड्याचा ॲप्रन आणि हातमोजे तर हवेतच, शिवाय प्रत्येकानं घरून वडिलांचा किंवा भावाचा जुना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणायचा. बाह्या दुमडायच्या नाहीत, दुमडीत ठिणगी बसते. वेण्या आत, ओढणी बाहेर काढून. चपलेवर वेल्डिंग नाही, मग कुणी कितीही रडो.

सगळ्यात महत्त्वाचं: महिनाभर करंट लावूच नका. होल्डरमध्ये जळका रॉड लावा, हेल्मेट घालून पट्टीवर खडूची रेघ मारा आणि रेघेवरून तो सरकवायला लावा. रॉड जळून लहान होत जातो तसा हात खाली यावा लागतो, तो अंदाज इथेच बसतो. माझ्याकडे ज्यांनी हे केलं त्यांचे रॉड निम्मे लागतात.

उद्यमनगर

ताई, माझं कोल्हापुरात उद्यमनगरात ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे, तीस वर्षं झाली. सरांचं काचेचं आणि शर्टाचं म्हणणं सोळा आणे खरं. माझ्या स्वतःच्या पोटावर टेरिकॉटचा डाग आहे.

पण एक विनंती. इन्व्हर्टरची छोटी पेटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन, घ्याल तर तो ट्रान्सफॉर्मर विकू नका. इन्व्हर्टरवर शिकलेलं पोर आमच्याकडे येतं, ट्रान्सफॉर्मरवर उभं केलं की रॉड चिकटवत बसतं. इन्व्हर्टर सुरुवातीला आपणहून जादा करंट देतो, चिकटला की करंट तोडतो. पोराला वाटतं आपल्याला येतंय. गावाकडं निम्म्या दुकानांत अजून जुनंच मशीन आहे, शिकून पोट भरायचं तिथंच आहे त्याला.

दुसरं, भंगाराचं. मुलांना दोन मिलिमीटरचा अँगल देऊ नका, भोकं पडतात आणि हिंमत जाते. पाच-सहा मिलिमीटरची पट्टी द्या. जवळच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला सांगा, कापलेले तुकडे पोतं भरून देतो, शाळेचं नाव घेतलं की पैसे घेत नाही कुणी. फक्त जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप आला तर बाजूला काढा. जस्ताचा पांढरा धूर निघतो, रात्री थंडी वाजून ताप येतो. आम्ही पूर्वी गूळ खायचो आणि परत कामाला लागायचो, तसं मुलांचं होऊ देऊ नका.

साताऱ्याचा वेल्डर ट्रेड

दादा, ट्रान्सफॉर्मर ठेवावा हे मान्य. पण चिकटल्यावर करंट तुटतो म्हणून मूल शिकत नाही, हे मला पटत नाही. आर्कची लांबी, कोन, चाल या तीन गोष्टी दोन्ही मशीनवर हातानंच राखाव्या लागतात. चिकटलेला लालभडक रॉड ओढून काढताना मूल घाबरतं, तिथेच त्याचं शिकणं थांबतं. नववीला इन्व्हर्टर, दहावीच्या दुसऱ्या सत्रात त्याच मुलांना ट्रान्सफॉर्मर. पंधरा दिवसांत हात बसतो, हा माझा अनुभव आहे.

वायरमन (बार्शी)

मी वेल्डर नाही, लाइनचं काम करतो. शाळा आहे म्हणून लिहितोय.

८० ॲम्पियरवर आर्कला साधारण २३ व्होल्ट लागतात, म्हणजे पावणेदोन-दोन किलोवॅट. इन्व्हर्टरमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरला तर मेनवरून १४-१५ ॲम्पियर ओढले जातात. तुमच्याकडे २०५ व्होल्ट असतील तर अजून थोडे जास्त. म्हणजे १६ च्या सॉकेटवर २.५ चा रॉड जेमतेम बसतो आणि १० गेज लावला तर वीसच्या वर जातो. भिंतीतलं पांढरं सॉकेट नको. ३२ ॲम्पियरचं इंडस्ट्रियल सॉकेट, बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी. थ्री फेज मीटर आहे ना, मग दोन पेट्या घेतल्या तर दोन वेगळ्या फेजवर टाका. पेटी घेताना कमी व्होल्टेजवर चालणारी मागा, १६०-१७० पर्यंत बंद न पडणारी मिळते.

३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावा. पण तो काय करतो आणि काय करत नाही हे नीट समजून घ्या. पेटीच्या बॉडीवर किंवा फाटलेल्या मेन वायरीवर करंट आला तर तो वाचवतो. होल्डरचा झटका मात्र तो थांबवत नाही. ट्रान्सफॉर्मर असो की इन्व्हर्टर, वेल्डिंगची बाजू मेनपासून वेगळी असते, तिकडचं त्याला दिसतच नाही. रॉड पेटलेला नसताना होल्डरवर जुन्या ट्रान्सफॉर्मरचं ७०-८० व्होल्ट एसी असतं. घामानं ओला हातमोजा, पावसाळ्यात ओली फरशी, वर लोखंडी टेबलाला टेकलेलं पोर, एवढं पुरतं. व्हीआरडी असलेली पेटी घ्या. त्यात रॉड पेटेपर्यंत व्होल्टेज वीस-पंचवीसच्या आसपासच राहतं. शाळेसाठी मी तर व्हीआरडी नसलेली पेटी घेऊच नका म्हणेन. पायाखाली रबरी मॅट, आणि रॉड बदलताना कोरडाच हातमोजा.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. अर्थिंगचा चिमटा थेट जॉबला किंवा टेबलाला घट्ट लावा. चिमटा ढिला आणि टेबलावर अर्थची तार असलेला ग्राइंडर ठेवलेला असेल, तर वेल्डिंगचा करंट परतायला त्या तारेचा रस्ता धरतो. ती तार आतून जळते, बाहेरून कळत नाही, आणि पुढच्या वेळी ग्राइंडरला अर्थिंगच उरलेलं नसतं. मी अशा दोन जळलेल्या तारा काढल्यात.

निदेशकताई (पुरंदर)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं छापून मुख्याध्यापकांना दिली. वायरमनदादांचा ग्राइंडरचा परिच्छेद वाचून सर उठलेच आणि आमच्या ग्राइंडरची तार उघडून बघायला लावली. आमची ठीक निघाली. मोठ्या मशीनचा विषय तिथेच मागे पडला. दोन इन्व्हर्टर आणि बाकी पैसे अंगावरच्या सामानाला, असं ठरतंय. एक विचारायचं राहिलं: धुराचं काय करू? खोली पंधरा बाय वीस फूट, दोन खिडक्या आहेत.

साताऱ्याचा वेल्डर ट्रेड

बरं झालं विचारलंत. वेल्डिंगचा धूर कर्करोग करतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये पक्कं ठरवलं, त्यामुळे हे नंतर बघू म्हणायची गोष्ट नाही. टेबल खिडकीला लावा आणि खिडकीत एक्झॉस्ट बसवा, मुलाच्या समोर, डोक्यावर नाही. धूर वर जातो, आणि मूल वाकलेलं असतं म्हणून तो आधी त्याच्या तोंडावरून जातो. टेबल उंच करा म्हणजे वाकणं कमी होईल. आपल्याकडे उकिडवं बसून वेल्डिंग करायची सवय आहे, त्यात डोकं नेमकं धुरात जातं. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर पंखा हवा ओढणार कुठून?

पावसाळ्यात रॉड ओले होतात, त्यानंही धूर आणि शिंतोडे वाढतात. पत्र्याच्या पेटीत जुना पिवळा बल्ब सतत चालू ठेवा आणि उघडलेलं पाकीट त्यातच ठेवा. शाळेच्या ६०१३ नंबरच्या रॉडला तेवढं पुरतं.

निदेशकताई (पुरंदर)

दोन महिन्यांनी लिहितेय. काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल.

२०० ॲम्पियरचे व्हीआरडीवाले दोन इन्व्हर्टर प्रत्येकी साडेसात हजारांना पडले. दुकानदाराला ड्यूटी सायकलची पट्टी दाखवा म्हटलं तर एका मशीनवर ती नव्हतीच, ते सोडून दिलं. दुसऱ्यावर ६० टक्के लिहिलेलं होतं, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग. तरी तिथेच पाच रॉड लागोपाठ जाळून बघितले. चार सेन्सरची चार हेल्मेटं सहा हजार चारशेला. सातारच्या सरांचं ऐकून वर्गातल्या सगळ्यात बारीक मुलाला सोबत नेलं होतं. पहिली दोन हेल्मेटं त्याच्या डोक्यावर फिरली, तिसरं बसलं. होल्डर, बारीक केबल, चिमटे चार हजार. ॲप्रन, हातमोजे, बाह्या साडेचार हजार. पंखा, वायरिंग, सॉकेट धरून साडेसात. उरलेल्या अडीच-तीन हजारांत बुटांचे सहा जोड, तीन मापांचे. ते शाळेतच राहतात, मुलं आपापल्या मापाचा जोड घालतात.

नव्या होल्डरचं वजन परत त्याच काट्यावर केलं. केबलसकट सातशे ग्रॅम.

आडोसा विकत घेतला नाही. शाळेच्या जुन्या शेडचे पत्रे पडून होते, त्यांना अँगलची चौकट दहावीच्या मुलांनी वेल्ड केली आणि आतून चमक न येणारा काळपट हिरवा रंग दिला. आता दोन कोपरे झालेत, एका कोपऱ्यात एक मूल आणि एक शेजारी, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. टेबलाखाली जॅकचा स्क्रू बसवलाय, त्यामुळे उंची सात-आठ इंच खालीवर होते.

आणि एक गोष्ट आमची आम्हाला सुचली. मी पूर्वी एकेकाला शेजारी उभं करून "बघ, रस कसा वाहतोय" असं सांगायचे, पण मूल ठिणग्याच बघायचं. आता जुन्या हेल्मेटची ११ नंबरची काच मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चौकटीत बसवली, मोबाइल स्टँडवर, आणि चित्र वर्गातल्या टीव्हीवर. मी कोपऱ्यात रॉड चालवते आणि बाहेर बसलेल्या सातही मुलांना वितळलेलं लोखंड, त्यावर तरंगणारा स्लॅग, म्हणजे मळी, आणि मागे गोठत जाणाऱ्या लाटा मोठ्या दिसतात. रॉड लांब गेला की रस कसा पसरतो हे शब्दांत सांगायला मला आठ दिवस लागायचे. मुलांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं. एक जण बाहेरून ओरडला, "ताई, तुमचा रॉड लांब गेला!" आणि खरंच गेला होता.

सरांनी सांगितल्याप्रमाणे महिनाभर कोरडा सराव झाला. मग करंट. एका मुलाला पूर्वी तासाभरात एखादा रॉड मिळायचा, आता चार मिळतात.

त्या मुलीबद्दल. मी दोनदा घरी गेले. दुसऱ्या वेळी हेल्मेट सोबत नेलं आणि तिच्या आईला म्हटलं, तुम्ही स्वतः येऊन बघा, मग ठरवा. त्या गेल्या बुधवारी आल्या. सुती साडीवर ॲप्रन घातला, हेल्मेट घातलं, आणि मी आर्क मारला तेव्हा दचकून मागे सरकल्या. दुसऱ्या रॉडला सरकल्या नाहीत. संपल्यावर हेल्मेट काढून तोंड पुसलं आणि विचारलं, "एवढं दिसतं व्हय आतलं? मला वाटलं नुसता उजेडच." मग लेकीला हाक मारून हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं, आणि मागचा पट्टा स्वतः हातानं आवळून दिला.